एकोणीस-अठरा

पक्षानं ठरवलं, यंदा आमच्या गटाचं तिकीट
वरून येणार नाही.
सभासदांनी मत टाकायचं, ज्याला जास्त त्याला तिकीट.
चक्रधर बोबडेनं पारावर वाचून दाखवलं,
दोनदा,
कारण पहिल्यांदा कोणाला खरंच वाटलं नाही.

सभासद दोनशे बारा.
वीस रुपयांची पावती माझीही होती,
खताच्या बिलांसोबत तारेला टोचलेली.

जागा सोसायटीचं गोदाम. रविवार, दहा ते चार.
पेटी म्हणून तेलाचा रिकामा पिपा,
झाकणाला छिन्नीनं पाडलेली फट.

उभे दोघं.
एक प्रफुल्ल गावंडे, जिनिंगवाल्यांचा भाचा,
गाडी पांढरी, बूट पांढरे, हसणंही धुतलेलं.
दुसरी रत्नमाला खंडारे,
जिनं टाकीच्या पाण्यासाठी
पंचायत समितीच्या पायरीवर तीन दिवस डबा खाल्ला
आणि चौथ्या दिवशी इंजिनिअरलाही त्यातलाच वाढला.

गावात कोणालाही विचारा. कोंबड्याला विचारा.
रत्नमालाच.
इतकं पक्कं होतं
की कोणी गेलंच नाही.

त्या आठवड्यात शेतीची लाईन दिवसा होती.
तीन आठवडे रात्रीचं ओलित करून
डोळ्यांत वाळू,
एका हातात बॅटरी, दुसऱ्यात विंचवासाठी काठी.
आता उजेडात पाणी वाहताना दिसत होतं,
हरभऱ्याच्या बुडाशी थांबत, पुढे सरकत.
म्हटलं, चारपर्यंत जाऊ.
एक सारा. अजून एक सारा.
मधेच दांड फुटला, हातानं माती लावली,
वर पाहिलं तर ऊन
बांधावरच्या पळसाच्या शेंड्याला गेलेलं.

चंद्रभान बोकड घेऊन बाजारात.
नेवाऱ्यांकडे साक्षगंध, अख्खी गल्ली पंगतीत.
बाया कापसात: अर्धा दिवस सोडला
तर वीस किलोची वेचणी कोण भरून देणार,
प्रफुल्ल का रत्नमाला?

जिनिंगला मात्र त्या दिवशी सुटी होती, पगारी.
ट्रॅक्टर आला, ट्रॉलीतून माणसं उतरली,
एकेकाच्या खिशात कडक नवी पावती.

पिपा उलटा केला.
सदतीस चिठ्ठ्या.
एकोणीस. अठरा.
चक्रधरनं पुन्हा मोजल्या, बोटाला थुंकी लावून.
तेवढ्याच.

मग फेब्रुवारीत मोठं मतदान.
शाळेपुढं मांडव, माठ, म्हाताऱ्यांसाठी चाकाची खुर्ची,
दर दोन तासांनी टक्का फळ्यावर.
सांजेला बहात्तर.
साहेबांनी फोनवरून गावाचं कौतुक केलं,
गुरुजींनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

मी आत उभा.
एका बटणासमोर प्रफुल्ल.
दुसऱ्यासमोर त्याच्याच आत्याचा जावई, वेगळ्या झेंड्याचा.
तिसऱ्यासमोर कोणीच नाही, हे लिहिलेलं.
रत्नमालाचं नाव शोधायला
डोळे उगाच एकदा खालपर्यंत गेले.
पलीकडून आवाज आला,
"काका, दाबा. लाईन लागली आहे बाहेर."
लाईन म्हटल्यावर मला मोटरच आठवली.
मी दाबलं. काय दाबलं ते सांगत नाही.

परवा रत्नमाला पांदणीत भेटली, डोक्यावर भारा.
"काहून नाई आले भाऊ त्या दिवशी?"
रागानं नाही, तब्येत विचारावी तसं.
"लाईन होती."
तिनं मान हलवली, भारा थोडा सावरला.
"आमच्या घरचेबी मोटरीवरच होते," म्हणाली.
"म्या हाक मारली. ते म्हने, तू तं येतंच निवडून."

आम्ही दोघं थोडा वेळ तसेच,
पांदणीत वाटेला वळण नसताना वळणावर थांबल्यासारखे.
मग ती गेली.

बोटावरची शाई नखासोबत वर सरकते आहे,
अजून पंधरा दिवस तरी निघणार नाही.
त्या रविवारची माती मात्र
त्याच संध्याकाळी निघाली होती, एका तांब्यात.

हरभरा साधला यंदा. एकरी नऊ क्विंटल.
कोणी विचारत नाही,
तरी सांगतो.